चिंगीचं पळणं

पडद्यावर पाणी आलं ते चंद्रिकेनं लगेच ओळखलं. मुख्य खेळ अजून सुरू व्हायचा होता. देवाचा सिनेमा होता, घरी भांडी घासणाऱ्या सरूबाईनं गेले कित्येक दिवस हट्ट धरला होता म्हणून ती रविवारी दुपारी तिला लोणावळ्याच्या टॉकीजमध्ये घेऊन आली होती. जाहिराती चालल्या होत्या. दंतमंजन झालं, सायकल झाली, आणि मग कुणी काही न सांगता, न विचारता, तिचं स्वतःचं पाणी समोर उभं राहिलं. निळसर, काठाला किंचित पांढुरकं, पुढं येण्याआधी जरासं मागं सरणारं आणि मग एकदम अंगावर पाऊल टाकणारं. ते मागं सरणं तिचं होतं. आपलं हस्ताक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावं तसं तिला झालं. तिनं हे पाणी रंगीत कधी पाहिलंच नव्हतं. चित्रं काढताना पाहिलं होतं तेवढंच, एकेक तुकडा, मांडीवर धरून. हलताना ते नेहमी करडं होतं. आता ते पडदाभर निळं होऊन चढत होतं आणि चंद्रिकेच्या मनात, लाज वाटावी असा, पहिला विचार आला तो हाच, की किती सुंदर झालंय!

शेजारी सरूबाई ताठ बसली होती. माझं पाणी, असं चंद्रिकेच्या तोंडून निसटलं तशी तिनं चंद्रिकेच्या दंडाला हात लावला.

"ताई, ह्ये तुमचं पानी न्हवं का?"

"हो."

"मंग आता यील," सरूबाई म्हणाली, आणि पदर सावरून पुढं वाकली.

पाणी चढत राहिलं. मग त्याच्यापुढं एक भिंत उगवली, गुळगुळीत, पांढरी. पाणी तिच्यावर आपटलं आणि थांबलं. भिंतीवर सिमेंटचं पोतं येऊन उभं राहिलं आणि एक जाडसर आवाज म्हणाला, पिढ्यान्‌पिढ्या अभेद्य. पुढच्या बाकांवरून कुणीतरी शिट्टी घातली. लगेच पडद्यावर साबण आला. सरूबाई तशीच वाकून बसलेली होती. साबण गेला, देवाचा सिनेमा सुरू झाला, देव आले, फुलं पडली, माणसांनी हात जोडले. तरी ती मधूनच पडद्याच्या कोपऱ्याकडं बघत होती, तिथून कुणी धावत येणार असल्यासारखी. मध्यंतरात ती एवढंच म्हणाली, "चिंगीला न्हाई आनलं. जागा नसंल."

सरूबाईची लेक चिंगी चंद्रिकेनं सहा वर्षांपूर्वी केलेल्या त्या चित्रांच्या सिनेमात नव्हती. कधीच नव्हती. हे सरूबाईला सांगायचं राहून गेलं होतं. आधी तशी वेळ आली नाही म्हणून, आणि मग चिंगी गेली म्हणून.

सगळी सुरुवात गंगाधरनं केली होती असं ती पुष्कळ दिवस मानत आली. गंगाधर तळेगावचा, ती लोणावळ्याची. मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत दोघं एकाच वर्गात होते आणि सुटीला एकाच गाडीनं घरी येत. शेवटच्या वर्षी बाकीची मुलं पोस्टर काढणार होती, पुस्तकांची वेष्टनं काढणार होती. गंगाधर म्हणाला, आपण फिल्म करू. चित्रांची, हलणारी. तेव्हा मावळात धरणाचं काम जोरात होतं आणि खोऱ्यातली गावं उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक गाव, आणि त्याच्यावर चढत जाणारं पाणी. संवाद नाहीत, गाणं नाही. गंगाधर बोलू लागला की डब्यातली माणसं वळून बघत. आपल्या देशात असं कुणी केलेलं नाही, तो म्हणे, आणि ते खरं की खोटं हे दोघांनाही माहीत नव्हतं. चंद्रिकेला त्याचं बोलणं आवडे. त्याहून जास्त, तो बोलत असताना तिच्या हाताकडं बघे ते आवडे. हात तिचे चालणार होते. सेकंदाला बारा चित्रं, हे त्यानं तिला असं सांगितलं होतं की जणू तो तिला दागिना देतोय.

चित्रं काढायची ती काचेसारख्या पातळ पारदर्शक तावांवर. ते परदेशातून येत आणि विद्यार्थ्यांना कुठून मिळणार? तेव्हा चंद्रिकेच्या वडिलांनी मार्ग काढला. ते तळेगावला एका दवाखान्यात क्ष-किरणांच्या खोलीत कामाला होते. जुन्या, कुणी न नेलेल्या प्लेटांचे गठ्ठे तिथं पडून असत. अण्णा ते बांधून घरी आणू लागले. परसात घंगाळात कडक पाणी, त्यात धुण्याचा सोडा. प्लेटा त्यात बुडवायच्या, काळा थर सुटला की चिंधीनं पुसायचा, आणि मग दोरीवर वाळत घालायच्या. सगळं परस निळसर तावांनी फडफडायचं. काही तावांवरचं जायचं नाही. बरगड्यांची पुसट सावली राही, एखाद्या खांद्याचं हाड राही. गंगाधर म्हणे, असू दे, पाण्याखाली खपून जाईल. अण्णा मात्र एकदा ओला ताव उन्हाकडं धरून म्हणाले होते, "हा माणूस वाचला नाही." एवढंच म्हणून त्यांनी तो ताव चिमट्यात अडकवला आणि दुसरा घेतला.

गाव कुठलं घ्यायचं, हा प्रश्नच नव्हता. सरूबाई दर वर्षी संक्रांतीच्या सुमाराला कामशेतला आंबेमोहोर घेऊन येई, तिथून गाडीनं लोणावळ्याला; चंद्रिकेची आई होती तोवर तिच्याकडूनच तांदूळ घेई. तिचा वाडा, म्हणजे डोंगराच्या उतरणीवरची दहा-बारा घरं, धरणाच्या पाण्यात जाणार होता. तिला विचारलं तर ती हसली. "या की. काडा चितरं. आता कोन यनार हाय आमच्याकडं!" दोघं गेली. तिचा नवरा कोंडू आधी संशयानं बघत होता, त्याला वाटलं ही मोजणीची माणसं. मग चंद्रिकेनं त्याचाच चेहरा काढून दाखवला तेव्हा तो लाजून गोठ्यात गेला. आणि चिंगी. सहा वर्षांची असेल. अंगात बापाच्या सदऱ्याचं कापलेलं झबलं. ती एका जागी उभी राहत नसे. चंद्रिका दगडावर बसून तिला म्हणे, चिंगे, त्या आंब्यापासून इकडं पळत ये. चिंगी येई. पुन्हा जा. चिंगी जाई. उतारावरून येताना तिचं काहीतरी वेगळं होई, पाय आणि धड यांचं जमत नसे, आता पडते की काय असं वाटे आणि ती पडत नसे. चंद्रिकेची पेन्सिल मागं पडे. ती पुन्हा म्हणे, ये. संध्याकाळपर्यंत पोर धावली आणि शेवटी आईच्या मांडीत झोपली.

लोणावळ्याला परत आल्यावर चंद्रिकेनं ते पळणं कागदावर बसवलं. पुढं एकदा सरूबाई लोणावळ्याला आली तेव्हा चंद्रिकेनं कागदांचा गठ्ठा एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं भराभर सोडला. चिंगी पळाली. सरूबाईनं तोंडावर हात ठेवला. "आगं बया, ही तर तीच की! पुन्ना करा." चंद्रिकेनं पुन्हा केलं. जाताना सरूबाई उंबऱ्यात थांबून म्हणाली, "सिनमा झाला का मला बलवा बरं, ताई. आमचं घर बुडंल, पन पोर तर ऱ्हाईल पळत."

ऱ्हाईल म्हणाली होती. चंद्रिकेला तेव्हा ते वाक्य इतकं आवडलं होतं की तिनं ते गंगाधरला गाडीत सांगितलं आणि गंगाधर म्हणाला, वा! हेच आपल्या फिल्मचं सार आहे.

मग पाणी सुरू झालं. पाणी काढणं इतकं अवघड असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. माणसाला हात असतात, पाय असतात, कुठून कुठं गेला ते कळतं. पाण्याला काय? पहिलं पाणी जेलीसारखं थरथरलं, दुसरं कापडासारखं. शाळेतल्या कॅमेऱ्यावर, काळ्यापांढऱ्या फिल्मवर, थोडं टिपून, धुऊन यायची वाट बघून, अंधारात बघितलं की दोघं मुकाट्यानं बाहेर येत. चंद्रिकेनं हट्ट घेतला. ती घरी आली आणि भुशीच्या धरणावर जाऊन बसू लागली. सहलीची माणसं भजी खात, पोरं पायऱ्यांवर ओरडत, आणि ही छत्री धरून एकाच पायरीवरून उतरणाऱ्या पाण्याकडं डोळे लावून. एके दिवशी तिला दिसलं की पाणी पुढं यायच्या आधी मागं जातं. सगळंच नाही, काठाचं तेवढं. तिनं तसं काढलं, आणि शाळेच्या भिंतीवर तिचं पाणी जिवंत झालं. मास्तर उठून उभे राहिले. दुसऱ्या वर्गांतली मुलं बघायला आली. गंगाधरनं सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेतला. त्या एका दिवसासाठी, तिला नंतर कितीदा वाटलं, बाकीचं सगळं गेलं. कारण त्यानंतर तिला दुसरं काही काढावंसं वाटेना. माणसं नंतर, गंगाधर म्हणाला. हो, माणसं नंतर, असं तीही म्हणाली. आणि अगदी मनापासून म्हणाली. माणसं अवघड होती, त्यांचं कौतुक कुणी करत नव्हतं. पाणी चढत गेलं. पाण्याचे ताव रंगले, पाण्यावरचा उजेड झाला, बुडणाऱ्या छपराभोवतीचा फेस झाला. चिंगीचं पळणं तावांवर उतरवून, रंगवून, रद्दी वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलं होतं. ते टिपायचं राहिलं होतं तेवढंच. आणि एक दिवस शाळेनं कॅमेरा परत मागितला. पुढच्या वर्गाची मुलं दारात उभी होती.

फिल्म झाली ती योजली होती त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. रिकामी घरं, आणि पाणी. परीक्षक मोठे गृहस्थ होते. ते म्हणाले, "पाणी अप्रतिम. गावात माणसं दाखवली नाहीत, हा संयम मला फार भावला." गंगाधरनं मान लववली. चंद्रिका त्याच्याकडं बघत राहिली. तो नाही म्हणाला नाही, आणि तीही नाही म्हणाली नाही. नंतर चहाच्या दुकानात तो तिला आपण यातून काय काय शिकलो ते सांगू लागला. छोटं घ्यावं. जे जमतं तेच करावं. कॅमेरा हातात येण्याआधी काय टाकून द्यायचं ते ठरवावं. तो बोटं दुमडत होता आणि चंद्रिकेला प्रथमच त्याचं बोलणं ऐकू येईना. त्याची नजर तिच्या हातांवर नव्हती. चार महिन्यांनी त्याला जाहिरातीच्या कंपनीत नोकरी लागली. सगळे ताव, सगळे कागद तो आपल्या खोलीवर घेऊन गेला. ती लोणावळ्याला आली आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. आंबा, कलश, कमळ. मुली फुलदाणी काढत आणि तिला वाटे, बरंय, ही हलत नाही.

पाणी खरोखरीचं चढलं तेव्हा ती बघायला गेली नाही. सरूबाईच्या वाड्यातली माणसं माळावरच्या पत्र्याच्या खोल्यांत गेली. पहिल्याच उन्हाळ्यात चिंगीला ताप आला, ओकाऱ्या झाल्या; कामशेतला नेईपर्यंत गेली. हे चंद्रिकेला पुष्कळ उशिरा कळलं, सरूबाई काम मागायला दारात आली तेव्हा. कोंडू देहूरोडला डेपोत हमाली करत होता, मनात आलं तर घरी येई. सरूबाईनं भांडी घासता घासता, पाठमोरीच, सगळं सांगितलं आणि शेवटी हात थांबवून म्हणाली, "बरं झालं तुमी ती पळताना घेतली. फोटू बी न्हाई आमच्याकडं तिचा." मग भीत भीत, "सिनमा कुटं हाय तो?"

"मुंबईला," चंद्रिका म्हणाली होती. त्यात खोटं काही नव्हतं.

तेव्हापासून सरूबाई सिनेमाला जाऊ लागली. देवाचा, मारामारीचा, कुठलाही. लोक हसत, म्हातारीला नाद लागला म्हणत. म्हातारी कसली, चाळिशी नव्हती उलटली. ती कशासाठी जाते ते एकट्या चंद्रिकेला माहीत होतं, आणि चंद्रिका रोज सकाळी तिच्या हातचा चहा पीत होती.

टॉकीजमधून आल्यावर आठवडाभर चंद्रिकेचं शाळेत लक्ष लागलं नाही. मनात एकच चाललं होतं. पाण्याचे ताव गंगाधरनं जपून ठेवले होते, नाहीतर हे रंगीत पाणी आलं कुठून? मग तेही असतील. वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ती नव्यानं टिपेल, कुणाच्या तरी हातापाया पडेल, एकदा, फक्त एकदा भिंतीवर दाखवेल. पुष्कळ वर्षांनी तिला आपल्या हातांत ऊब आल्यासारखी वाटली. दुसऱ्या शनिवारी गंगाधर तळेगावला आईकडं येतो असं कळलं आणि चिंगीची चित्रं सापडतात का बघून येते असं सरूबाईला सांगून ती गाडी पकडून गेली.

तो जरा सुटला होता. ओसरीवर झोपाळ्यावर बसून त्यानं तिचं मनापासून स्वागत केलं, आईला कॉफी टाकायला सांगितली. ती काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "पाहिलंस? कसं दिसतं रंगीत! तुला कळवणार होतो. साहेब म्हणाले, हे पाणी कुणी काढलं? तुझं नाव सांगितलं मी."

"गाव काढून टाकलंस."

"गावाचं काय करतील ते?" तो अगदी सरळपणे म्हणाला. "भिंत पाहिजे होती त्यांना."

चंद्रिकेनं कपबशी खाली ठेवली. "भांडायला नाही आले मी. चिंगीचे ताव दे मला. ती पळणारी मुलगी. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती आपण."

गंगाधरनं पायानं झोपाळा थांबवला. त्याला खरंच आठवत नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग आठवलं. "अगं, ते धुतले." तो म्हणाला. "ताव मिळत नाहीत ना अजून. कंपनीत जुनं सगळं धुऊन पुन्हा वापरतात. पाण्याचे ठेवले, कामाचे म्हणून. बाकीचे गेले. त्यांच्यावर पुढं काय काय काढलं असेल, बिस्किटं, रेडिओ…"

"आणि कागद? पेन्सिलीचे?"

"खोली सोडली तेव्हा मालकानं रद्दीत घातले. मी गावाला होतो." तो तिच्याकडं बघून थांबला. "एवढं काय होतं त्यात, चंद्रिका? तू पुन्हा काढशील. तुझ्या हाताला काय अवघड?" आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून, "धुण्याच्या पावडरीचं काम आलंय. पाणीच पाहिजे. घरी बसून करशील? साहेब तुलाच द्या म्हणतात."

त्याची आई कॉफीचे कप न्यायला आली. पोरी, बारीक झालीस, म्हणाली. चंद्रिका उठली. गंगाधर फाटकापर्यंत आला, आणि तो वाईट माणूस नव्हता, हेच तिला सगळ्यात असह्य वाटलं. त्यानं चिंगीला पाहिलं होतं, आंब्याखाली बसून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता. आणि ती धुतली गेली, त्यात त्याचा रागलोभ काही नव्हता. घंगाळात सोडा टाकायला त्यांनीच तर आधी शिकून घेतलं होतं.

सरूबाईनं संध्याकाळी विचारलं, "घावलं का वो?"

"शोधतायत," चंद्रिका म्हणाली.

त्या दिवसापासून ती शाळेतून आली की दार लावून बसू लागली. तू पुन्हा काढशील. हे एक वाक्य तिनं तळेगावाहून आणलं होतं आणि ते खरं होतं, हात तिचाच होता. तिनं पहिला कागद घेतला. उतार काढला. आंबा काढला. मग चिंगीचं पाऊल काढायला गेली आणि पेन्सिल हवेत राहिली. कसं टाकत होती ती पाऊल? आतल्या बाजूला? हात कुठं असत? चंद्रिकेनं डोळे मिटले. तिला दगड दिसला, ऊन दिसलं, आपली पेन्सिल दिसली, मागं पडल्याची चीड आठवली. टाच काढायला जमत नव्हती हे आठवलं, टाच आठवेना. मुलगी तिनं त्या कागदांवर ठेवून दिली होती आणि मग डोळ्यांतून काढून टाकली होती, सामान पोचतं केल्यावर माणूस निर्धास्त होतो तशी. झबल्याचा रंगसुद्धा तिला नीट सांगता येईना. ती शाळेच्या मैदानावर उभी राहून पळणाऱ्या मुली बघू लागली. मुलींना वाटे, बाई रागावल्यात. एकीची टाच घेतली, दुसरीचा खांदा, तिसरीचे उडणारे केस. अण्णा आता थकले होते, ते खुर्चीत बसून तिच्या कागदांकडं बघत आणि म्हणत, "छान पळतेय की." छानच पळत होती. कुठं अडखळत नव्हती, पाय आणि धड यांचं नेमकं जमत होतं. चंद्रिकेनं ती फाडली, पुन्हा काढली. ती पुन्हा तशीच, बिनचूक पळाली.

शेवटी एका दुपारी, सरूबाई भांडी पालथी घालून पदराला हात पुसत असताना, चंद्रिकेनं तिला हाक मारली. मनाशी तिनं ठरवलं होतं की आपण काही सांगायचं नाही. ओळखली तर ओळखली. तिनं गठ्ठा धरला आणि अंगठ्यानं भराभर सोडला. मुलगी आंब्याकडून निघाली, उतारावरून धावत आली आणि शेवटच्या कागदावर थांबली.

सरूबाई कौतुकानं हसली. "आनिक एकदा." चंद्रिकेनं पुन्हा केलं. सरूबाई जवळ येऊन, मान तिरकी करून बघत होती. चंद्रिका कागद सोडून तिच्या चेहऱ्याकडं बघत होती. त्या चेहऱ्यावर कुठं काही हललं नाही. नुसता आनंद होता, दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक करताना असतो तसा.

"लय ग्वाड हाय," सरूबाई म्हणाली. "कुनाची पोर म्हनायची ही?"

"कुणाची नाही," चंद्रिका म्हणाली. "अशीच काढली."

"व्हय?" सरूबाईनं ओला हात लागू नये म्हणून लांबूनच कागदांकडं बोट केलं. "पर आमची चिंगी घावू द्या तुमच्या त्या मानसाला, मंग बगा. तिच्यापुडं ही काय पळती!"

चंद्रिकेनं गठ्ठ्याच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि म्हणाली, "हो."